पेंडीच्या पोत्यावरचं वाचतो, पोराच्या ताटातलं नाही



आधी शेतातलं थोडक्यात. सोयाबीन ४१ रुपये किलोनं गेलं. हमीभाव किती होता ते लिहीत नाही, तुम्हालाही माहीत आहे. हरभरा चांगला उगवलाय, उसाला अजून तोड नाही. आज मात्र पिकाचं नाही, पोरांच्या जिमचं लिहायचंय. आणि जिमपेक्षा जास्त आपल्या घरातल्या ताटाचं.

आमचं थोरलं २१ वर्षांचं. पोलीस भरतीची तयारी म्हणून तालुक्याच्या गावी जिमला जायला लागलं आणि तिथं त्याला पॉवरलिफ्टिंगचा नाद लागला. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खांद्यावर वजन घेऊन खाली बसून उठायचं ते स्क्वाट. बाकावर उताणं झोपून छातीपासून वर ढकलायचं ते बेंच प्रेस. आणि जमिनीवरचं उचलून ताठ उभं राहायचं ते डेडलिफ्ट. प्रत्येकाला तीन-तीन संधी, प्रत्येकातलं सगळ्यात मोठं धरायचं आणि तिन्हीची बेरीज करायची. आमचं ७४ किलोच्या गटात खेळतंय.

दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या कपाटामागं पावडरचे दोन डबे सापडले. किंमत विचारली तर एकेक २६०० रुपयांचा, तोही जिममधल्या एका माणसाकडून उधारीवर. माझं डोकंच फिरलं. एका डब्यावर तर परवान्याचा नंबर नाही, कुणी बनवला त्याचा पत्ता नाही. मी तोंडाला येईल ते बोललो. पोरगं शांतपणे म्हणालं, "आण्णा, गाईची पेंड आणताना पोत्यावर प्रोटीन किती टक्के ते बघूनच आणता ना? मग माझ्या ताटात किती आहे ते सांगा."

मला सांगता येईना.

खरं आहे हो ते. २० टक्के प्रोटीनचं पोतं का २२ टक्क्यांचं, यावरून मी दुकानदाराशी अर्धा तास वाद घालतो. गाय किती लिटर देते त्यावर तिची पेंड, मिनरल मिक्श्चर, हिरवा चारा, वाळला चारा सगळं मोजून. गाभण असली तर वेगळं. आणि जे पोरगं रोज दोन तास लोखंड उचलतंय त्याला काय, तर भाकरी, पातळ आमटी, भात आणि "पोटभर जेव रे".

त्या रात्री बारावीत असलेली धाकटी वही घेऊन बसली आणि भावाच्या एका दिवसाच्या ताटाचा हिशोब मांडला. ज्वारीत शंभर ग्रॅमला साधारण १० ग्रॅम प्रोटीन. दिवसाच्या चार मोठ्या भाकरी धरल्या तर ४० ग्रॅमपर्यंत. भाताचं दहा-अकरा. आमटीत माणशी डाळ पडते ती मूठभरसुद्धा नाही, त्याचे सहा-सात. चहातलं दूध, भाजी धरून आणखी थोडं. सगळं मिळून साठ-पासष्ट. वजन उचलणाऱ्याला अंगाच्या प्रत्येक किलोमागं १.६ ग्रॅमच्या आसपास लागतं, काही जण दोनपर्यंत जातात. म्हणजे ७४ किलोच्या पोराला ११८ ग्रॅम. निम्मंच मिळत होतं. आणि मी त्याला डबा आणला म्हणून शिव्या घालत होतो.

आता डब्याबद्दल. त्यात काय असतं हे मला आधी माहीत नव्हतं. दूध फाटवून चीज किंवा पनीर केलं की जी निवळी उरते, तीच गाळून, सुकवून केलेली पावडर म्हणजे हे व्हे प्रोटीन. म्हणजे आपल्याच गोठ्यातली वस्तू. गाईच्या लिटरभर दुधात ३३ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, त्यातला पाचवा हिस्सा निवळीत जातो. त्यामुळं किलोभर पावडरीला शंभर लिटरच्या वर दूध लागतं. डबा महाग का, ते त्यावरून समजलं. तो विष नाही, हे मी मान्य करतो. चांगल्या कंपनीचा, परवाना असलेला असेल तर ते अन्नच आहे, जादू मात्र नाही.

पण मी शेतकरी माणूस, मला दर काढायची सवय. सोयाबीनचा दर क्विंटलवर काढतो तसा प्रोटीनचा ग्रॅमवर काढला. डब्यात किलोला साडेसातशे ग्रॅम धरलं तर एक ग्रॅम साडेतीन रुपयांना पडतो. दूध आम्ही ३४ रुपयांनी घालतो, तिथं ग्रॅम एक रुपयाला. अंडं सात रुपयांचं, त्यात सहा ग्रॅम, म्हणजे सव्वा रुपयाच्या आत. शेंगदाण्यात शंभराला २५ ग्रॅम, तिथं साठ पैसे. हरभऱ्यात वीसच्या आसपास, तिथं चाळीस पैसे. आणि सोयाबीनच्या वड्या, शंभराला पन्नासच्या वर, तिथं तीस पैशाच्याही खाली.

या शेवटच्या आकड्यावर मी थांबलो. सोयाबीन आपण विकलं ४१ नं. तेल काढून उरलेल्या पिठाच्या वड्या होऊन तेच १५० नं परत गावात आलं. आणि तेही आपण पोराला खाऊ घालत नाही, कारण "वड्यांना चव नसते". दूध डेअरीला, अंडी बाजारात, शेंगा व्यापाऱ्याला, हरभरा व्यापाऱ्याला. पिकवतो सगळं, घरात ठेवतो ज्वारी आणि तांदूळ. मग पोरगं डबा उधारीवर आणणार नाही तर काय करणार?

आता आम्ही काय केलं ते लिहितो. पोराला रोज पाऊण लिटर दूध, चार अंडी, मूठभर शेंगदाणे, रात्री भिजवलेले अर्धी वाटी हरभरे. यात ६५ ग्रॅमच्या आसपास वाढ झाली. रोजचा खर्च साठ-बासष्ट रुपये, तेही घरचा माल बाजारभावानं धरून. आठवड्यातून दोनदा वड्यांचा रस्सा, गरम पाण्यात उकळून, पिळून, मग फोडणीत, म्हणजे वास जातो. अंडी न खाणाऱ्यांनी दही, ताक, डाळ वाढवावी, डाळ घट्ट करावी. भाकरी-डाळ एकत्र खायची आपली पद्धत शहाणपणाची आहे, कारण ज्वारीच्या प्रोटीनमध्ये जे कमी असतं ते डाळीत भरून निघतं आणि डाळीतलं कमी ज्वारीत. शेंगदाण्यावर मात्र फार भर नको, निम्मं तेलच असतं त्यात.

आणखी एक खूळ बघितलं. पोरं भाकरी-भात सोडतात, कार्ब वाईट म्हणून. अरे, बैलाला फक्त पेंड घालून नांगर ओढतो का तो? जड उचलायची ताकद भाकरीतनंच येते. साखर, किडनी असं काही दुखणं असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून करावं, ते वेगळं.

क्रिएटिन नावाची एक पांढरी पावडर असते, तिच्याबद्दल मी फार भांडलो. नंतर समजलं की ती बरीच वर्षं तपासलेली वस्तू आहे, रोज तीन ते पाच ग्रॅम, निरोगी माणसाला चालते. तिथं पोराचं बरोबर होतं.

पण इंजेक्शनचं मी ऐकून घेणार नाही. शेजारच्या गावातलं एक पोरगं, नाव-गाव लिहीत नाही, छाती धडधडते म्हणून मध्यरात्री दवाखान्यात नेलं. व्यायामाआधी अंगात तरतरी यावी म्हणून मेफेंटरमाइन टोचून घेत होतं. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचं बीपी उतरलं तर ते वर आणायचं औषध आहे ते. वाचलं पोरगं, पण आईबापाचं तोंड बघवत नव्हतं. स्टेरॉइडची तीच कथा. बाहेरनं हार्मोन मिळतंय म्हणल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, हृदय आणि लिव्हर यांचं नुकसान वेगळंच. आपण ऊस लवकर वाढावा म्हणून युरिया ओतला तर तो लोळतो, हे आपल्याला दिसतं. पोराच्या आतलं दिसत नाही. बापांनो, पोराच्या बॅगेत सिरिंज सापडली तर हात उगारण्याआधी शेजारी बसून विचारा, किती दिवस, कुणी दिलं. मारलं तर ते लपवायला शिकेल एवढंच.

सरावाबद्दल मला जिममधलं कळत नाही, पण वासरू औताला शिकवलंय. आधी नुसतं जू मानेवर, मग मोकळं चालवणं, मग हलकी कुळवणी. पहिल्याच दिवशी नांगराला धरलं तर वासरू बसतं आणि पुन्हा जुवाला मान देत नाही. पोराला विचारलं तर त्यांचंही तसंच निघालं. रिकामा दांडाच २० किलोचा. चांगला शिकवणारा असला तर आठवड्याला अडीच किलोच वाढवतो, दोन्ही बाजूला सव्वा-सव्वाची चकती. व्हिडिओ काढायला म्हणून एकदम ३० किलो वाढवणारी पोरं मी डोळ्यांनी बघितली. पाठीची कमान करून उचलतात. माझी कंबर अशीच गेलीय, पंचविसाव्या वर्षी पैजेवर खताची पोती उचलून. दर पावसाळ्यात ती मला आठवण देते. वजन अंगाला चिकटून, पाठ सरळ, जोर पायांचा. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आज भांगलायला बसता आलं असतं.

आणि झोप. रात्री एकपर्यंत मोबाईल आणि सकाळी सहाला जिम. अंग भरतं ते विश्रांतीत. आमच्यात यावरून अजून भांडण चालू आहे, त्यात मी जिंकलेलो नाही.

जुनी माणसं म्हणतात, आमच्या वेळी कुठं डबे होते, तालमीत नुसत्या जोर-बैठका मारून पैलवान झाले. मीही तालमीत जायचो, सोळाव्या वर्षी. माझ्याबरोबर तेरा-चौदा पोरं होती. पैलवान झाले दोघं. दोघांच्याही घरी म्हशी होत्या आणि घरचं दूध, तूप, बदाम त्यांनाच मिळायचं. बाकी आम्ही शिळी भाकरी खाऊन बैठका मारत होतो, दोन वर्षांत सुटलो. आमच्यात जोर कमी नव्हता, खुराक नव्हता. आमच्या भागातले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकून आले, त्यांना जायलासुद्धा लोकांनी वर्गणी दिली होती. म्हणून "आमच्या वेळी" म्हणताना जरा जपून.

नोव्हेंबरात जिल्ह्याची स्पर्धा झाली, मी पहिल्यांदाच बघायला गेलो. पोरं वजनाच्या गटात बसायचं म्हणून दोन-दोन दिवस पाणीसुद्धा पीत नाहीत. एकाला वजनकाट्यावरच चक्कर आली. शर्यतीच्या आदल्या दिवशी बैलाला उपाशी ठेवणाऱ्याला आपण गाढव म्हणू. आमच्या पोराला सांगितलं, पहिल्या-दुसऱ्या स्पर्धेत जे वजन भरेल त्याच गटात खेळ. ते ७२.८ भरलं, पोटभर पोहे खाऊन खेळलं. पाचवं आलं. डेडलिफ्टची तिसरी संधी हुकली, उतरताना हसत होतं. मला वाटलं होतं मला लाज वाटेल एवढ्या माणसांत. नाही वाटली.

एक राहिलंच. त्या रात्री हिशोब झाल्यावर धाकटीनं वहीचं पान उलटलं आणि म्हणाली, "आता आईचं आणि माझं लिहू?" सगळ्यांचं झाल्यावर जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला आमटीतलं पाणी येतं, हे मला काय माहीत नव्हतं का? पण आकड्यात बघितलं नव्हतं. साध्या माणसालाही किलोमागं ०.८३ ग्रॅम तरी लागतं, असं सरकारी पोषण संस्था सांगते. तिच्या आईचं पंचावन्न किलोला ४५ पाहिजे होतं, निघालं ३२. आणि ती रोज माझ्याबरोबर भांगलते, वैरण आणते, धारा काढते. मी त्या वहीकडं बघून काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी डाळीचा डबा मोठा आणला.

डेअरीत आता रोज सव्वा लिटर दूध कमी जातंय. दूध मोजणाऱ्यानं परवा विचारलं, गाय आटली का आण्णा. म्हणलं नाही, घरात खाणारी वाढली. डब्याची उधारी अजून २१०० राहिलीय, ती उसाच्या बिलातनं देईन म्हणतोय, पण तोड आली तर.