दादागिरीचा पहिला धडा

घाटकोपरच्या एका शाळेत पाहिलेला प्रसंग माझ्या मनातून जात नाही. पाचवीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत दुसऱ्याचा डबा हिसकावून त्याला जिन्यावरून ढकलले होते. बाईंनी तक्रार सांगताच वडिलांनी सर्वांदेखत मुलाच्या कानफटात मारली. त्या क्षणी शेजारी उभ्या असलेल्या आईचा हात नकळत स्वतःच्या गालापुढे आला. त्या घराची सगळी हकिकत त्या हातात होती.

वर्गातल्या दांडगाईचे खापर आपण लाडांवर, सिनेमावर किंवा मोबाइलवर फोडतो. घराकडे बोट दाखवायला मात्र संकोचतो. मुलुंड-बोरिवलीच्या फ्लॅटचे दार बंद झाले, की आतले सारे 'खासगी' ठरते. पण मूल दाराच्या आतच असते. राग आला की हात उचलायचा, आणि तो आपल्यापेक्षा दुबळ्यावरच, हा धडा ते तिथे गिरवते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौघींतल्या एकीने नवऱ्याचा हिंसाचार सोसल्याचे सांगितले. ज्यांच्या आईला वडील मारत असत, त्या स्त्रियांच्या वाट्याला मार येण्याचे प्रमाण कितीतरी अधिक आढळते. वारसा असाही चालतो. अशा घरातले प्रत्येक मूल दांडगे होते असे मुळीच नाही. काही मुले मिटून जातात आणि इतरांच्या छळाचे आयते लक्ष्य बनतात. काही घरी मार खातात आणि शाळेत देतात.

मग शाळेने काय करावे? उत्तर आपल्या उपनगरातच आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केले. जखमेला नुसती मलमपट्टी न करता, ती कशी झाली हे बाईला आडोशाला विश्वासाने विचारायचे, ही त्यामागची दृष्टी. शाळेतली दांडगाई हीदेखील अशीच जखम असू शकते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानेही शाळेची आठवण ठेवली आहे: पीडित व्यक्ती मूल असेल, तर त्याच्या शाळेत पाऊल टाकण्यास मारणाऱ्याला न्यायदंडाधिकारी मनाई करू शकतात.

ढकलला गेलेल्या मुलाला संरक्षण हवेच, आणि ढकलणाऱ्याला समजही द्यायला हवी. पण तक्रारीची चिठ्ठी घरी धाडण्यापूर्वी बाईंनी मुलाला जवळ बसवून एवढे तरी विचारावे, 'घरी कोण कोणाला मारतं रे?' नाहीतर ती चिठ्ठी नेमकी त्याच हातात पडते, ज्याने हा धडा शिकवला.