बारशाला उशीर झालेली पेटी

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. वस्तुसंग्रहालये मात्र हे दोन्ही उद्योग एकदमच करतात, आणि तेही मोठ्या गंभीर चेहऱ्याने. याचे एक गमतीदार उदाहरण स्पेनमधल्या एका पेटीचे आहे.

सोळाव्या-सतराव्या शतकांत तिकडच्या खात्यापित्या घरांत ही पेटी असे. बाहेरून पाहाल तर अक्रोडाचे लाकूड, लोखंडी पत्र्याची नक्षी, मधोमध दणकट कुलूप आणि दोन्ही अंगांना उचलण्यासाठी कड्या. एखाद्या कंजूष सावकाराची वाटावी! पण पुढची फळी खाली पाडली की तिचेच लिहिण्याचे मेज होते, आणि आत एकदम दिवाळी. इवल्या इवल्या खणांच्या रांगा, हाडाचे जडावकाम, सोनेरी मुलामा, टीचभर खांब आणि कुठेतरी त्या खांबांच्या आड चोरखण. दस्तऐवज, पत्रे, दागिने सारे त्यात. कड्या होत्या त्या फिरतीसाठी. मालक निघाला की त्याचे दप्तरही निघे. आपल्या गोव्यातही पोर्तुगीज अमदानीत या जातीच्या अनेकखणी पेट्या साग, शिसव आणि हस्तिदंत वापरून घडवल्या जात. त्यांना ‘कोंतादोर’ म्हणत.

स्पेनमधले लोक आपल्या पेटीला ‘एस्क्रितोरिओ’ म्हणत, म्हणजे सरळसरळ लिहिण्याची पेटी. आज मात्र कोणत्याही संग्रहालयात तिच्यापुढची चिठ्ठी वाचा, ‘बार्गेन्यो’ असे भारदस्त नाव दिसेल. हे नाव पेटी करणाऱ्या सुताराला ठाऊक नव्हते, वापरणाऱ्या धन्यालाही नव्हते. ते छापून रूढ झाले 1872 साली, आणि तेही लंडनमध्ये!

घडले ते असे. 1830 नंतरच्या दशकात स्पेनच्या सरकारने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या. मठ ओस पडले आणि शतकानुशतके कोनाड्यांत बसलेल्या वस्तू बाजारात आल्या. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचा (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) चाणाक्ष अधिकारी जॉन चार्ल्स रॉबिन्सन 1863 मध्ये खरेदीसाठी स्पेनमध्ये उतरला. पुढे संग्रहालयाने तिथलाच एक जाणकार सल्लागार म्हणून नेमला. त्याचे नाव हुआन फाकुंदो रियान्यो. हा ग्रानाडाचा, अरबीचा अभ्यासक. संग्रहातल्या स्पॅनिश वस्तूंची यादी त्याने 1872 मध्ये सिद्ध केली आणि तीत आपल्या पेटीचे बारसे झाले. तोलेदोजवळच्या बार्गास गावाशी या नावाचा संबंध जोडतात. पण तिथे या पेट्या होत असत असा पक्का पुरावा काही पुढे आलेला नाही. नाव मात्र असे चिकटले की स्पॅनिश माणसेही आपल्या आजीच्या पेटीला तेच म्हणू लागली.

भाषेच्या मास्तराला यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. शब्द असेच जन्मतात. पण नाव मिळाले की गिऱ्हाईक मिळते, हे त्या मास्तरालाही कळते. ‘बार्गेन्यो’ हवा असे श्रीमंत म्हणू लागले, तेव्हा जुन्या पेट्यांना नवे पाय बसवणारे कारागीरही निघाले. कित्येक संग्रहालयांत पेटी एका शतकाची आणि तिच्याखालची घोडी दुसऱ्या शतकाची, असा जोड दिसतो. प्रामाणिक संग्रहालय ते चिठ्ठीवर लिहिते.

मांडण्याचाही पेचच आहे. झाकण बंद ठेवले तर नक्षीचे खण दिसत नाहीत. उघडे ठेवले तर बाहेरचे लोखंडकाम दिसत नाही. बहुतेक ठिकाणी झाकण उघडे ठेवतात. म्हणजे कुलूपबंद राहण्यासाठी जन्मलेली वस्तू जन्मभर उघडी! तिचा खण ओढून पाहण्याचा आनंद मात्र प्रेक्षकाला नाहीच.

पण खरा प्रश्न वस्तू कुणाकडे राहावी, हा आहे. सामोराच्या कॅथेड्रलच्या खजिन्यात एक हस्तिदंती डबी होती. कोर्दोव्याचा खलिफा दुसरा अल-हकम याने 964 मध्ये सुब्ह नावाच्या आपल्या प्रियेसाठी ती करविली, असे तिच्यावरचा अरबी लेख सांगतो. मुसलमान राजघराण्याची डबी ख्रिस्ती देवळात सुखाने नांदली. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी देवळानेच ती विकली. ओरड झाली. शेवटी सरकारने ती घेतली आणि 1911 मध्ये ती माद्रिदच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आली. तिची एक बहीण मात्र न्यूयॉर्कला आहे. कस्तुरी, कापूर आणि अंबर ठेवण्यासाठी आपण आहोत, असे ती स्वतःच आपल्या लेखातून सांगते! ती ज्या ‘हिस्पॅनिक सोसायटी’त आहे ती संस्था आर्चर हंटिंग्टन या धनिकाने 1904 मध्ये स्थापिली. त्याने शक्य तो स्पेनबाहेर आलेल्याच वस्तू विकत घेण्याचा कटाक्ष ठेवला होता. हे धोरण मला आवडते. मात्र बाहेर आलेली वस्तू आधी कुणीतरी आतून काढलेलीच असते, हेही विसरता येत नाही.

स्पेनने स्वतःसाठी काय ठेवले? माद्रिदला 1912 मध्ये स्थापन झालेल्या सजावटी कलांच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक आख्खे स्वयंपाकघर आहे. व्हॅलेन्सियाच्या एका अठराव्या शतकातल्या वाड्यातून दीड हजारांहून अधिक रंगीत फरश्या उतरवून ते वरच्या मजल्यावर जसेच्या तसे उभे केले आहे. त्या फरश्यांवर घरची बाई आहे, नोकरचाकर आहेत, चॉकलेटचे पेले आहेत, टांगलेले मांस आणि मासे आहेत, आणि त्या माशांवर डोळा ठेवून बसलेली मांजरे आहेत. तिथे चिठ्ठी वाचण्यासाठी कोणतीही गृहिणी थांबेल असे मला वाटत नाही. ती आधी मांजर हाकलील.