मोडीत न निघणारे पितळ

गोळीबाराची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असते : ‘घटनास्थळी इतक्या रिकाम्या पुंगळ्या सापडल्या.’ आपल्या लेखी पुंगळी म्हणजे पुरावा. पोलिसांनी ती उचलावी, पाकिटात सीलबंद करावी, तिच्या बुडावरच्या खुणा तज्ज्ञांनी तपासाव्यात आणि यथावकाश ती न्यायालयात दाखवली जावी. अमेरिकेतला एक मोठा वर्ग मात्र याच पुंगळीकडे बचत म्हणून पाहतो. सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर जायचे, शंभर-दोनशे गोळ्या झाडायच्या आणि निघताना वाकून वाकून जमिनीवरच्या पुंगळ्या वेचायच्या. घरी आणून त्या धुवायच्या, निवडायच्या आणि पुन्हा भरायच्या. आपल्याकडे ताटात तांदूळ निवडतात, तशी ही निवड तिथल्या गॅरेजमधल्या टेबलावर चालते.

हा उद्योग चोरून होत नाही. त्यासाठी लागणारी यंत्रे, पुस्तके, दारू, सगळे दुकानात मिळते. तरीही त्याच्याकडे निव्वळ छंद म्हणून पाहता येत नाही. गेल्या काही वर्षांत करोनाची साथ, अमेरिकेतल्या निवडणुका आणि युक्रेनचे युद्ध या तिन्हींची झळ या गॅरेजांपर्यंत पोचली आहे.

काडतुसाचा हिशेब

काडतुसाचे चार भाग असतात. पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी, म्हणजे प्रायमर, आणि या तिघांना धरून ठेवणारी पुंगळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर निकामी होतो. उरते ती पुंगळी, आणि चौघांत बहुधा सर्वांत महाग तीच. ती ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त अशा पितळेची असते. हे पितळ स्फोटाच्या दाबाने फुगते, बंदुकीच्या नळीला आतून घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही आणि क्षणात पुन्हा आकसते. लोखंडाला हा गुण तितका साधत नाही. जुने पितळी पातेले मोडीत देऊन नवे घेणाऱ्या आपल्या आजीला या धातूची किंमत वेगळी सांगावी लागली नसती.

अमेरिकेत ही सवय जुनी आहे. १८७० च्या दशकात गव्यांची शिकार करणारे लोक महिनोन् महिने माळरानावर असत. जवळ दुकान नाही, म्हणून झाडलेली पुंगळी तिथेच पुन्हा भरली जाई. पुढे तिला एका यांत्रिक योगायोगाची साथ मिळाली. प्रायमरचे दोन प्रकार रूढ झाले. एक बॉक्सर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा, दुसरा बर्डन या अमेरिकनाचा. गंमत अशी की इंग्रजाचा प्रकार अमेरिकेने उचलला आणि अमेरिकनाचा युरोपात रुजला. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत मधोमध एकच भोक असते. त्यातून सळई घातली की जुना प्रायमर सहज बाहेर पडतो. बर्डन पद्धतीत भोके बहुधा दोन आणि तीही बाजूला, त्यामुळे ते काम किचकट होते. घरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, त्यामागे स्वभावाइतकेच हे एक भोकही आहे.

निवडणे आणि टाकणे

वेचून आणलेल्या ढिगात सगळीच पुंगळी कामाची नसते. आधी लोहचुंबक फिरवून पोलादी पुंगळ्या वेगळ्या काढतात. ॲल्युमिनियमच्या बाजूला जातात. मग आकार पाहायचे. नऊ मिलिमीटरच्या पुंगळ्यांत तिच्यासारखीच दिसणारी, पण दोन मिलिमीटरने आखूड अशी दुसरी जात मिसळलेली असते. एका मापाची पुंगळी दुसऱ्या मोठ्या मापाच्या पोटात जाऊन बसते आणि वरवर पाहणाऱ्याला ती दिसतच नाही. बुडावर कारखान्याची अक्षरे कोरलेली असतात, ती वाचून एकाच कारखान्याच्या पुंगळ्या एकत्र करतात. कारण बाहेरून माप तेच असले तरी भिंतीची जाडी कारखान्यागणिक बदलते आणि आतली जागा कमीजास्त झाली की दाबही बदलतो. लष्करी पुंगळीत प्रायमरभोवतीची कड दाबून बसवलेली असते. ती साफ केल्याखेरीज नवा प्रायमर नीट बसत नाही.

शेवटी प्रत्येक पुंगळी हातात घेऊन उजेडात फिरवायची. तोंडाशी चीर आहे का? बुडाच्या जरा वर चकचकीत कडे उमटले आहे का? ते दिसले तर आतली भिंत पातळ झाली असे समजायचे. शंका असल्यास वाकवलेली बारीक तार आत घालून खाच लागते का ते चाचपायचे. आधुनिक रायफलीत दर चौरस इंचाला पन्नास-साठ हजार पौंडांचा दाब तयार होतो आणि तो नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर असतो. या टेबलावर कोणी सरकारी निरीक्षक नसतो. चुकीची शिक्षा भोगणारा आणि तपासणारा माणूस एकच. म्हणून जाणते लोक टाकाऊ पुंगळी नुसती डब्यात टाकत नाहीत. ती पक्कडीने चेमटवतात, म्हणजे पुन्हा कोणाच्या हाती लागून भरली जायला नको.

पितळेच्या या चिरांचा एक धागा थेट आपल्या पावसाळ्याशी जोडलेला आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवली जात आणि उघडीप झाल्यावर बाहेर काढावीत तर पुंगळ्या तडकलेल्या. ऋतूप्रमाणे येणारी म्हणून इंग्रजीत या तडकण्याला ऋतूचेच नाव पडले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला दमटपणा आणि पितळ ठोकून-ओढून घडवताना त्यात राहून गेलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की धातू फाटतो. उपाय म्हणजे पुंगळी बेताने तापवून तो ताण घालवणे. आजचा अमेरिकन छंदिष्ट पुंगळीचे तोंड ज्योतीवर धरून थोडे तापवतो, तेव्हा त्या तडकण्यावरचाच उपाय तो करत असतो. अमोनिया असलेली धुण्याची द्रव्ये पितळेला लावू नयेत, हेही त्याला ठाऊक असते.

रांगेचे अर्थशास्त्र

या पितळेवरून सरकार आणि नागरिक यांची चकमकही झाली आहे. अमेरिकन सैन्य सरावात झाडलेल्या पुंगळ्या भंगार म्हणून विकते. व्यापारी त्या घेतात आणि पुन्हा भरणाऱ्यांना पुरवतात. मार्च २००९ मध्ये, ओबामा सत्तेवर येऊन दोन महिने होतात न होतात तोच, संरक्षण खात्याकडून या पुंगळ्या चेचून निकामी करूनच विकाव्यात असा फतवा निघाला. गदारोळ उठला. मोंटाना राज्याच्या दोन सिनेटरांनी पत्र लिहिले आणि काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला. भंगाराच्या भावाचा प्रश्न लोकांनी हक्काचा प्रश्न म्हणून पाहिला, हे त्यातले खरे वर्म.

मग आले २०२० साल. साथ, दंगली, निवडणूक. बंदूक घेणाऱ्याची एफबीआयमार्फत जी पार्श्वभूमी तपासली जाते, तशा सुमारे ३ कोटी ९७ लाख तपासण्या त्या एका वर्षात झाल्या. तपासणी म्हणजे विक्री नव्हे, पण वारे कुठून वाहत होते ते यातून कळते. त्याच वर्षी जुलैत रेमिंग्टन ही जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली. दुकानातली काडतुसांची फडताळे रिकामी झाली, भाव चढले.

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचे वाटते. एखाद्या शाखेबद्दल अफवा उठते. प्रत्येक ठेवीदार स्वतःपुरता शहाणपणाचाच विचार करतो : आपले काढून घरी ठेवावेत. पण सगळ्यांनी एकाच सकाळी तो शहाणपणा दाखवला की सुस्थितीतली शाखासुद्धा संकटात येते. काडतुसांचे तसेच झाले. ‘पुढे मिळतील न मिळतील’ म्हणून जो तो दोन डबे जादा नेऊ लागला आणि त्यामुळेच ती मिळेनाशी झाली. अशा वेळी घरी पुंगळ्या भरणारा माणूस स्वतःला सोने घरात ठेवणाऱ्यासारखा निर्धास्त समजत होता. दुकान बंद पडले तरी माझे टेबल चालू आहे, अशी त्याची समजूत.

ती समजूत टिकली नाही. पितळ जमिनीवरून वेचता येते, प्रायमर येत नाही. तो कारखान्यातच घडवावा लागतो, आणि टंचाईत कारखाने प्रायमर आधी स्वतःच्या काडतुसांना लावतात. सुटे विकायला उरतात थोडे. अमेरिकेतली प्रायमरची चार मोठी नावे म्हणजे फेडरल, सीसीआय, रेमिंग्टन आणि विंचेस्टर. पैकी पहिली तीन २०२० नंतर एकाच कंपनीच्या हाती आली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती चेकोस्लोव्हाक ग्रुप या चेक उद्योगसमूहाने २२२.५ कोटी डॉलरना विकत घेतली. काही अमेरिकन लोकप्रतिनिधींनी राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा काढला, पण सौदा झाला.

दारूचीही तीच कथा. बंदुकीच्या धूरविरहित दारूचा पाया म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते बनते कापसापासून. सरकीला चिकटून राहिलेला आखूड तंतू त्यासाठी वापरतात. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटल्यावर तोफगोळ्यांची मागणी वाढली आणि हाच कच्चा माल तिकडे वळला. या तंतूसाठी आपण चीनवर किती विसंबून आहोत, याची चिंता युरोपचे नेते २०२४ मध्ये उघडपणे बोलून दाखवू लागले. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीने जागतिक टंचाईचे कारण देऊन दारूचे दर वाढवत असल्याचे व्यापाऱ्यांना कळवले. कोणावर विसंबायला नको म्हणून गॅरेजमध्ये टेबल मांडलेल्या माणसाची गाठ अशी प्रागच्या भांडवलाशी, युक्रेनच्या तोफांशी आणि चीनच्या कापसाशी पडली.

कायदा आणि घर

कायद्याचे काय? अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यानुसार स्वतःपुरती काडतुसे भरायला परवाना लागत नाही. विकण्याचा धंदा करायचा तर लागतो. १९६८ च्या कायद्याने दुकानदारांवर घातलेले काडतूसविक्रीच्या नोंदींचे बंधन १९८६ मध्ये बहुतांशी उठवले गेले. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून प्रत्येक खरेदीला पार्श्वभूमीची तपासणी लावली. जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी ती घटनाबाह्य ठरवली, आणि वाद त्यानंतरही सुरू राहिला. पण ही तपासणी भरलेल्या काडतुसाची. रिकामी पुंगळी त्या चाळणीतून सहज निसटते. संघराज्याच्या व्याख्येत मात्र पुंगळी, प्रायमर, गोळी, दारू हे सुटे भागही ‘दारूगोळा’च मानले जातात. म्हणजे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याने रिकामी पुंगळीही बाळगणे गुन्हा, आणि मैदानावर ती उचलताना मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

घरातल्यांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. नेहमीच्या प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते. पुंगळ्या घासायला मक्याच्या कणसांचा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा भरडा यंत्रात घालून फिरवतात, त्या भरड्याच्या धुळीत हे शिसे उतरते. ते हाताला, कपड्यांना, तिथून स्वयंपाकघरात. मुलांच्या मेंदूला शिसे घातक, त्याची सुरक्षित अशी मात्रा नाही. म्हणून पाणी आणि पोलादी तारांचे तुकडे घालून ओले घासण्याची पद्धत पुष्कळांनी स्वीकारली आहे, तरी ते पाणी कुठे ओतायचे हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे हे दार बंद आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही आणि विकत घ्यायचे तरी संख्येला मर्यादा. काडतुसे बनवण्याचे काम खडकी, वरणगावसारख्या कारखान्यांचे. खडकीचा तर १८६९ पासूनचा. सैन्याच्या आणि पोलिसांच्या सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत केल्या जातात. तरी गरिबीला कायदा अडवू शकत नाही. सराव मैदानांलगत भंगार वेचताना न फुटलेला गोळा फुटून माणसे दगावल्याच्या बातम्या आपणही वाचतो. तिथे छंद नसतो, पितळेचा किलोचा भाव असतो.

दोन्ही देशांत पितळ तेच, वेचणारा हात वेगळा. अमेरिकेतल्या त्या टेबलावर एकेक पुंगळी उजेडात फिरवून पाहणाऱ्या माणसाची काळजी खोटी नाही. पण तिची मर्यादा त्या टेबलापुरतीच. चीर गेलेली पुंगळी त्याला ओळखता येते. धास्तीने भरलेले गिऱ्हाईक, रिकामे फडताळ आणि दूरच्या युद्धाचा भाव यांची निवड त्याच्या हातात नाही. ती सरकारांनी आणि समाजाने करायची असते. तिथे अजून ढीग तसाच पडून आहे.