पुडी निर्जल की स्फटिकाची?

कुंडलिकेच्या अल्याड रोहा, पल्याड अष्टमी आणि जवळच धाटावची रासायनिक वसाहत. रसायनांशी रोजची ओळख असलेल्या या भागातही घरी कृष्णधवल फिल्म धुणाऱ्या हौशी माणसाला प्रश्न पडतोच: डेव्हलपरसाठी कोणत्या दर्जाची पूड घ्यावी?

महागड्या ‘एआर’ची, म्हणजे विश्लेषणासाठीच्या अतिशुद्ध दर्जाची, गरज नाही. कोडॅकच्या १९२७ सालच्या डी-७६ डेव्हलपरला लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५, टाकणखार २ आणि निर्जल सोडियम सल्फाइट तब्बल १०० ग्रॅम लागते. त्यासाठी ‘एलआर’, म्हणजे प्रयोगशाळेचा साधा दर्जा पुरतो.

घात होतो तो भलतीकडेच. स्फटिकरूप सल्फाइटचे निम्मे वजन पाण्याचे असते. ते हाती आले तर १०० ऐवजी २०० ग्रॅम घ्यावे लागते. त्यात कोकणातला पावसाळा! बरणीचे झाकण सैल राहिले, की दमट हवेत सल्फाइटचे हळूहळू सल्फेट होते, आणि दिसायला मात्र तीच पांढरी पूड. मेटॉल जुने झाले तर निदान तपकिरी पडते.

घरची अंधारखोली महाराष्ट्राला नवी नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) वेळी दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रसायने कालवून फिल्म धुण्याला हातभार लावत. आजच्या हौशींसाठी विक्रेत्यांनी किरकोळ पुडीवरही निर्जल की स्फटिक, आणि माल कधी भरला, हे ठळक छापलेच पाहिजे.

तोवर फिल्मचे टोक उजेडात द्रावणात बुडवून पाहावे. काही मिनिटांत ते काळेकुट्ट झाले नाही, तर त्यात लग्नाचा रोल घालू नये.