पाच मिनिटांची माहिती, पण तास विस्कटतो
गडमुडशिंगी असो वा गडचिरोली, जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांची तक्रार तीच: शिकवता शिकवता ऑनलाइन माहिती भरावी लागते. पाच मिनिटांचं तर काम, मग बिघडतं कुठे?

मेंदू अशी दोन कामं एकदम करत नाही, एकातून दुसऱ्यात जातो. रुबिनस्टाइन, मेयर आणि इव्हान्स यांच्या २००१ मधल्या प्रयोगांत दिसलं, की प्रत्येक बदलात वेळ जातो. नियम गुंतागुंतीचे असतील तर जास्तच. अपुऱ्या कामात लक्ष अडकून राहतं आणि पुढचं काम बिघडतं, हे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं.

त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नका, असं सांगतं. माहिती हवीच असेल, तर ती तासाच्या मध्ये मागू नये. फळ्यावरचं गणित तरी पुरं होईल.