शिळेवर कोरलेला ध्रुवफंड

स्पेनमधील व्हॅलेन्सिया हे प्राचीन नगर मार्च महिन्यातील ‘फायास’ उत्सवासाठी प्रसिद्ध आहे. चौकाचौकांत उभारलेल्या भव्य प्रतिमा १९ मार्चच्या रात्री अग्नीच्या स्वाधीन केल्या जातात. उत्सवाच्या गर्दीतून जाणकार प्रवासी तेथील जुन्या रेशीमबाजाराकडे वळतो. १४८२ ते १५३३ या काळात उभ्या राहिलेल्या या वास्तूच्या स्तंभमंडपात, भिंतींच्या माथ्यावर, व्यापाऱ्यांविषयी एक लॅटिन लेख आहे. जो बोलण्यात कपट करीत नाही, दिलेला शब्द पाळतो आणि व्याजाने पैसा लावीत नाही, त्यास संपत्तीही लाभेल व शाश्वत जीवनही, असा त्याचा आशय आहे.

लोकोत्सव आणि व्यापाऱ्याच्या वचनाचा शिलालेख यांचा असा योग गोदातीरावरील नाशिकातही आहे आणि येथील लेख त्याहून कितीतरी जुना आहे.

नाशिककर रंग खेळतात तो रंगपंचमीला. जुन्या वस्तीतील तिवंधा चौक, शनी चौक, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी जमिनीत बांधलेले पेशवेकालीन हौद आहेत. त्यांना ‘रहाड’ म्हणतात. वर्षभर त्या मातीखाली झाकलेल्या असतात आणि त्यांच्यावरून रहदारी चालू असते. रंगपंचमीला रहाड उघडून तिची पूजा होते, रंगाचे पाणी भरले जाते आणि मग उंचावरून त्यात उड्या पडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो आणि पूजेचा मान परंपरेने चालत आलेला असतो. लेखी करार कोठेही नाही, तरीही गल्लीने स्वीकारलेली जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते.

नाशिकला येणारी अनेक जैन कुटुंबे म्हसरूळजवळील गजपंथाची वंदना करून मांगीतुंगीच्या वाटेला लागतात. वेळ असल्यास १७४७ मधील नारोशंकर मंदिर व त्याची प्रसिद्ध घंटा पाहिली जाते, काळाराम मंदिरही पाहिले जाते. पांडवलेणी मात्र ‘पायऱ्या फार आहेत’ म्हणून राहून जातात. व्यापारी कुटुंबाने खरे तर त्या चढाव्यात त्या दहाव्या लेण्यासाठी.

या लेण्याच्या ओसरीत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. लेण्यात राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंसाठी त्याने ३००० कार्षापण दिले. ही रक्कम त्याने भिक्षूंच्या हाती न देता गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. नाशिकच्या पश्चिमेस गोवर्धन नावाचे गाव आजही आहे. एका श्रेणीकडे २००० कार्षापण शेकडा १ या दराने, तर दुसरीकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण दराने ठेवले. मुद्दल कधीही परत करावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, अशी अट घातली. पहिल्या ठेवीच्या व्याजातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळावयाचे होते.

हिशेब करून पाहावा. २००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्षूंचे प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. एका कार्षापणाचाही फरक पडत नाही. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविण्यात आला आणि फलकावर नोंदविला गेला, असेही लेख सांगतो. आज आपल्या संस्था ज्याला ध्रुवफंड म्हणतात, तो हाच.

व्हॅलेन्सियाची भिंत व्याजाचा निषेध करते, नाशिकची भिंत व्याजातून दान चालविते. तरी दोहोंचा पाया एकच आहे, आणि तो म्हणजे व्यापाऱ्याचा शब्द. राजाच्या जावयाने आपले दान विणकरांच्या पतीवर सोपविले, याहून मोठा सन्मान पेढीला कोणता असू शकतो?

शेजारच्या अकराव्या लेण्यात भगवान ऋषभदेव आणि अंबिका यांच्या मूर्ती आहेत. एका समाजाने कोरलेल्या डोंगरात पुढे दुसऱ्या समाजानेही आपली श्रद्धा जपली.

त्या श्रेणी आज नाहीत आणि ती ठेवही नाही. दगडाने अट जपली, परंतु ती पाळणारी माणसे उरली नाहीत. बांधकामाची निकड आली की ‘ध्रुवफंडातून तात्पुरते घेऊ’ असा विचार विश्वस्तांच्या सभेत डोकावतो. अशा वेळी ‘मुद्दल परत करावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे’ ही ओळ आठवावी.

पुढील नाशिकयात्रेत मुलांना दहाव्या लेण्याच्या ओसरीत उभे करून तो २४० चा गुणाकार अवश्य करावयास सांगावा.