लेकरू गेले, दक्षिणा उरली!

गेल्या पंधरवड्यात आम्ही एका शेतकऱ्याच्या घरी दुखवट्यास गेलो होतो. घराचे नाव वा गाव आम्ही मुद्दाम छापीत नाही. ज्यांचे आहे त्यांस ते कळेल, आणि इतरांस तसले घर आपल्याच आळीत सापडेल. अडीच वर्षांचा मुलगा. वस्तीपासून पन्नास पावलांवर शेततळे. आई गोठ्यात, बाप बाजाराला, आजी तीन महिन्यांच्या नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालीत बसलेली. पोरावर नजर ठेवावयास कोण, तर सहा वर्षांची थोरली बहीण! पोर कागदावरून घसरले. शेततळ्याचा कागद ओला झाला म्हणजे त्यावर गड्याचा पाय ठरत नाही, तेथे त्या एवढ्याशा जिवाचे काय चालणार? मुलास शेताच्या बांधावर, लिंबाखाली पुरले.

येथवरच्याला कोणी दैवाचा घाला म्हणो. पण त्यानंतर त्या घरात जे चालले आहे तो दैवाचा घाला नव्हे. तो माणसांनी घातलेला घाला आहे, आणि त्याविषयी लिहिल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

दहा दिवस लोटले नाहीत तोच भटजी दारात हजर. कोणी बोलावले नव्हते. पत्रिका मागितली, बोटे मोजली, आणि निकाल दिला की, पूर्वजन्मी या कुळाकडून नाग मारला गेला आहे, त्या दोषाने या घरात वंश टिकावयाचा नाही. उपाय? त्र्यंबकेश्वरास जाऊन नारायण नागबळी. तीन दिवसांचा विधी. कणकेचा पुतळा करून त्याची क्रिया, नागाची क्रिया, ब्राह्मणभोजन, दक्षिणा, जाणे येणे, राहणे. आकडा ऐकून बापाने खुंटीवरच्या पिशवीतली कांद्याची पट्टी काढून पाहिली आणि पुन्हा ठेवून दिली. आता दुभती गाय विकावयाचे घाटत आहे. त्याच गाईच्या दुधावर त्या घरातल्या उरलेल्या दोन लेकरांचे पोट आहे, हे भटजींच्या पंचांगात कोठे लिहिलेले नसावे.

आता याच मंडळींच्या पोथीत लहान मुलाच्या मरणाविषयी काय सांगितले आहे ते वाचकांनी ऐकावे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आज्ञा आहे की, दोन वर्षांच्या आत मूल गेले तर गावाबाहेर पुरावे. त्यास अग्नी नाही, पाणी नाही. रानात लाकूड टाकावे तसे टाकून परतावे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या नावाने पाण्याची ओंजळसुद्धा सोडावयाची नाही. वाहवा रे धर्मशास्त्र! म्हणजे लेकरासाठी ओंजळभर पाणी नाही, पण त्याच्या आईबापांसाठी तीन दिवसांचा विधी आणि त्याचा आकडा मात्र तयार आहे! लेकरू जर लाकडासारखेच, तर त्या लाकडापायी गाय का विकावयाची? आणि जर ते लाकूड नव्हे, ते घरचे माणूस होते, तर त्यास लाकूड म्हणणाऱ्या पोथीपुढे कपाळ टेकावयाचे कारण काय?

सन १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला तो याचसाठी की, निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल असू नये. आई आणि तिचे मेलेले लेकरू यांच्यामध्ये तर तो मुळीच नसावा.

आणि नागाचा दोष म्हणजे काय ते आम्ही त्या बापाला शेततळ्याच्या काठावर नेऊनच दाखवले. सरकारची मागेल त्याला शेततळे ही योजना निघाली तेव्हा तीत मोठ्यात मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे. ३ मीटर म्हणजे एका माणसाच्या डोक्यावर दुसरा उभा करावा जवळजवळ तेवढी खोली. उतरत्या कडा, त्यावर कागद, धरावयास ना दगड ना मुळी. पोहणारा गडीदेखील आत पडला तर वर येता येत नाही, आणि त्याला काढावयास उतरलेलाही आतच राहतो. पावसाळ्यात अशा बातम्या आपण किती वाचल्या! यावर उपाय चारी बाजूंनी जाळीचे कुंपण, एक दार, दाराला कडी, आणि चारी कडांवरून आत सोडलेले गाठी मारलेले दोर. दोन फुगवलेल्या ट्यूबा तरंगत ठेवल्या तर आणखी बरे. तो दिवस आणि आजचा दिवस, त्या तळ्याला कुंपण नाही. थोरली मुलगी अजून तेथूनच पाणी आणते. धाकटी उद्या रांगू लागेल. नागबळीने कागदाची घसरण कमी होते काय, हे कोणी तरी भटजींस विचारावे!

‘संतती टिकत नाही’ या वाक्यावर किती पिढ्या लुटल्या गेल्या! गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच बायांना शिकवून घरोघरी तान्ह्या बाळांची काळजी घ्यावयास लावले. ३९ गावांत हे काम झाले, आणि पहिल्या महिन्यात जाणारी मुले ६२ टक्क्यांनी कमी झाली. ही हकिकत सन १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यांच्या जगन्मान्य पत्रात छापून आली. त्या बायांनी काय केले? बाळास ऊब दिली, श्वास अडला तर मोकळा केला, जंतूंचा विकार वेळीच ओळखून औषध दिले. एकाही नागाची शांत केली नाही! आज गावोगावची आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा वेळा येते, घरी बाळंतपण झाले असेल तर सात वेळा. तिला उंबऱ्यावरून परत लावणारी आणि भटजीस पाट मांडणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

पण बंधूंनो, सगळे बोट भटजीकडे करून आपली सुटका नाही. दक्षिणा तो नेतो हे खरे. परंतु त्या घरातील तीन महिन्यांच्या पोरीस ‘पांढऱ्या पायाची’ कोण म्हणाले? भटजी नव्हे, सख्खी आत्या म्हणाली! आली आणि भावाला खाल्ले म्हणे. जिला अजून मान धरता येत नाही तिने अडीच वर्षांचा भाऊ खाल्ला! त्या बाळंतिणीला शेजारच्या बारशास कोणी बोलावले नाही, का, तर तिची सावली नको. ते निमंत्रण कोणा ब्राह्मणाने अडवले नव्हते. आमच्याच आयाबहिणींनी अडवले. आणि बाप डोळे पुसू लागला तेव्हा ‘गडी असून रडतोस?’ असे म्हणणारा त्याचा चुलताच होता. रडू नको म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, सन १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी आपल्या स्नेह्याला पत्र लिहून चार लेकरे पुरल्याचे दुःख मोकळेपणे सांगितले. आंबेडकरांस रडता येते, आणि आपल्या शेतकऱ्यास लाज वाटते!

दुसरी रीत पाहा. मूल गेले की त्याची झबली, पायातला वाळा, पाळणा, सारे घराबाहेर. फोटो उलटा. नाव तोंडातून काढावयाचे नाही. पुढे दुसरे झाले तर त्यास दृष्ट लागू नये, मृत्यूला ते नकोसे वाटावे म्हणून नाव ठेवावयाचे दगडू, धोंडू, केरू, भिकू, उकिरडा! मृत्यू काय गाव कामगार आहे, नावे वाचून माणसे नेतो? दगडूही जातात आणि राजरत्नही जातात. पण जो दगडू जगतो तो शाळेत गुरुजींनी हजेरी घेतली की सत्तर वर्षे मान खाली घालतो. कोठे तर गेलेल्याचेच नाव नव्याला देतात आणि ‘तोच परत आला’ म्हणतात. मग एकाला दोघांचे जिणे जगावे लागते, आणि जो खरोखर गेला त्याचे स्वतःचे असे काहीच उरत नाही.

जी पोरे जिवंत आहेत त्यांचे काय? ‘भाऊ झोपला’ असे सांगितलेल्या पोरी रात्री झोपावयास भितात. ‘देवाने नेला’ असे सांगितले की देवाचाच राग येतो, आणि तो का येऊ नये? त्या घरातली सहा वर्षांची मुलगी आमच्याशी बोलली नाही. निघताना ओसरीच्या खांबाआडून एवढेच म्हणाली, ‘काका, मी कणीस आणायला गेले होते.’ वाचकहो, तीन आठवडे ते पोर एवढे एक वाक्य पोटात घेऊन त्या घरात वावरत आहे! भटजीने तिची पत्रिका मागितली नाही, आत्याने तिला जवळ घेतले नाही, आणि आईबापांस आपल्याच दुःखात ती दिसलीच नाही. सहा वर्षांच्या लेकराच्या हवाली अडीच वर्षांचे करावयाचे, ही चूक कोणाची? आपल्या कष्टाच्या घरांची आहे, आणि आम्ही ती चूक म्हणतो ती कोणास दोष देण्यासाठी नव्हे, तर त्या मुलीवरून ती उचलण्यासाठी. तिला कोणी तरी मांडीवर घेऊन म्हटले पाहिजे की, बाई, तुझे काही चुकले नाही. भाऊ तळ्यात बुडून मेला, तो परत यावयाचा नाही, आणि तळ्याला कुंपण घालावयाचे काम मोठ्यांचे होते.

मग गेलेल्याची आठवण कशी ठेवावी? शाहू महाराजांचा धाकटा पुत्र शिवाजी सन १९१८ साली शिकारीत गेला. त्याच्या नावाने कोल्हापुरात मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि खेड्यातली पोरे तेथे राहून शिकली. आपल्यास बोर्डिंग बांधणे नको. कोणी विचारले, मुले किती, तर तीन म्हणावे, दोन नव्हे. त्याच्या जन्मदिवशी घरात गोड करावे आणि पहिला घास त्याच्या बहिणींना द्यावा. त्याचे झबले पेटीत ठेवावे. लिंबाखाली दगड ठेवून त्यावर नाव कोरून घ्यावे. गावचा पाथरवट त्याचे पैसे घेईल असे आम्हांस वाटत नाही. आणि जाळी बांधताना थोरल्या मुलीच्या हाती तारेचे एक टोक द्यावे.

येत्या महिन्यात त्र्यंबकास निघावयाचा त्या घरचा बेत आहे. गाय अजून दावणीला आहे. गिऱ्हाईक रविवारी पाहावयास येणार. हा अंक त्यांच्या हाती गुरुवारी पडेल.